गाणे आले, जात मागे राहिली

सिनेमा पाहून आलेल्या माणसाला ‘कसा होता?’ असे विचारले तर तो बहुधा ‘बरा आहे’ एवढेच सांगून मोकळा होतो. आपल्या वस्त्यांत मात्र पहिला प्रश्न निराळाच असतो. ‘बाबासाहेबांचा फोटो दाखवलाय का?’ दाखवला असेल तर लगेच दुसरा, ‘कुठे?’ कोर्टात न्यायाधीशाच्या पाठीमागे, पोलीस चौकीत, की नायकाच्या घरात? किती वेळ दिसला? हार होता की नव्हता? आमच्या ऑफिसातील काही सहकारी या चौकशीला हसतात. त्यांनी खुशाल हसावे. ज्यांची घरे, ज्यांची आडनावे, ज्यांचे देव्हारे पहिल्या दिवसापासून पडद्यावर आहेत, त्यांना भिंतीवर काय टांगले आहे ते पाहण्याची गरजच पडत नाही. ज्यांना दोन-तीन पिढ्या तिकीट काढूनही स्वतःचे घर दिसले नाही, ते भिंत पाहणारच.

आणि ही नजर आता चांगली तयार झाली आहे, हेही सांगितले पाहिजे. पा. रंजित यांचा ‘काला’ हा रजनीकांतचा सिनेमा २०१८ साली आला. कथा मुंबईच्या धारावीतली. सिनेमा येण्याआधी त्याचे पोस्टर झळकले, त्यात रजनीकांत एका जीपवर ऐटीत बसलेला. इतरांनी रजनीकांत पाहिला, आपल्या पोरांनी जीपचा नंबर वाचला. एमएच ०१ बीआर १९५६! बीआर म्हणजे भीमराव रामजी आणि १९५६ म्हणजे धम्मदीक्षेचे व महापरिनिर्वाणाचेही वर्ष, हा अर्थ घरोघरी पोहोचायला एक दिवसही लागला नाही. त्याच दिग्दर्शकाच्या ‘कबाली’ (२०१६) मध्ये नायक तुरुंगात एक पुस्तक वाचत असतो. ते वाय. बी. सत्यनारायण यांचे ‘माय फादर बालय्या’ आहे, तेलंगणातील एका दलित कुटुंबाच्या पिढ्यांची हकिकत, हेही असेच कोणीतरी चित्र थांबवून हुडकून काढले. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) मध्ये नागपुरातील वस्तीची भीमजयंती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे अमिताभ बच्चन हे दृश्य पाहून टॉकीजमध्ये जयभीमचा गजर झालेला आम्ही स्वतः ऐकला आहे.

परंतु वाचक बंधुभगिनींनो, फोटो मोजण्याचा हा हिशेब एका जागी येऊन अडतो. ‘फँड्री’ आठवा. डुक्कर पकडून, काठीला बांधून, जब्याच्या घरची माणसे ते खांद्यावरून नेत असतात आणि मागे शाळेची भिंत असते. त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीमाई आहेत, गाडगेबाबा आहेत. नुसते मोजायचे तर येथेही फोटो आहे. पण येथे कोणी गजर केला नाही. घशाशी काहीतरी आले आणि तसेच राहिले. ‘झुंड’मधला फोटो आपला उत्सव आहे, ‘फँड्री’मधला फोटो त्या गावाला आणि त्या शाळेला विचारलेला सवाल आहे. दोन्हीकडे वहीत ‘फोटो – एक’ अशीच नोंद करायची काय?

आम्ही बी.कॉम. झालो आणि पुढे आयुष्यभर कारकुनी केली. त्यामुळे आमची एक खोड झाली आहे. एका पानावरील बेरीज पुढच्या पानावर ओढली की आधी आकडा तपासायचा, कारण गळती नेमकी तेथे होते. पान भरताना माणूस सावध असतो. पान उलटताना तो सैल पडतो, किंवा मुद्दाम सैल पडतो. सिनेमाचेही तसेच आहे. एक कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, पुस्तकातून पडद्यावर, पडद्यावरून दूरदर्शन संचावर जाते तेव्हा काय पुढे ओढले आणि काय मागच्या पानावर राहिले, हे पाहिले की करणाऱ्याचे मन कळते.

याचे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण म्हणजे ‘सैराट’.

२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ लागला. करमाळ्याकडचा मुलूख, विहिरी, केळीच्या बागा, बुलेटवरची आर्ची आणि मासेमाराच्या घरचा परश्या. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही नवी पोरे होती. अजय-अतुल यांचे संगीत. लोक टॉकीजमध्ये खुर्च्यांवर उभे राहून नाचले. शंभर कोटींची मजल मारणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. हे सर्वांना माहीत आहे, त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. आम्हांला बोलायचे आहे ते नाचगाणे संपल्यानंतरच्या सिनेमाविषयी. पाटलाचा मुलगा भर वर्गात शिक्षकावर हात टाकतो आणि ते त्याच्या घरात कौतुकाचे होते. मुलगी हैदराबादला पळून जाते, झोपडपट्टीत राहते, कारखान्यात काम करते, हळूहळू संसार उभा राहतो. मूल होते. मग माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. पुढे जे होते ते मूल पाहते. रक्तात भरलेली लहान पावले फरशीवर उमटत जातात आणि त्या वेळी पडद्यावर संगीताचा एक सूरही नसतो. नाचत आत गेलेले लोक मुकाट्याने बाहेर पडले ते त्यामुळे.

या सिनेमाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) निघाला, त्यात रिंकू राजगुरू हिनेच काम केले. पंजाबीत ‘चन्ना मेरेया’ निघाला. आणि २० जुलै २०१८ रोजी हिंदीत धर्मा प्रॉडक्शन्सचा ‘धडक’ आला. करमाळ्याच्या जागी उदयपूर, हैदराबादच्या जागी कोलकाता. जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर. महाल, तलाव, रंगीत पागोटी. ‘झिंगाट’ची चाल जशीच्या तशी आली, शब्द हिंदी झाले. आणि जात? ती एका ओझरत्या उल्लेखापुरती. पाहणाऱ्याला वाटावे की मुलीचा बाप श्रीमंत आहे, राजकारणी आहे, तापट आहे, म्हणून हे सारे झाले. बाप निवळला असता तर कथा गोड झाली असती. गाणे पुढच्या पानावर आले, जात मागच्या पानावर राहिली.

शेवटही बदलला. ‘सैराट’मध्ये नवरा-बायको दोघेही मारले जातात आणि मूल उरते. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल जातात, मुलगी उरते. प्रथम पाहताना हा बदल लहान वाटतो. परंतु विचार करा. ‘सैराट’ संपतो तेव्हा दोन्ही घरांचे रक्त अंगात असलेले एक पोर दारात रडत असते आणि त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न सगळ्या गावाच्या गळ्यात पडतो. ‘धडक’ संपतो तेव्हा वरच्या घरची मुलगी रडत असते आणि खालच्या घराची पुढची पिढी खात्यातून वजा झालेली असते. प्रेक्षकाने कोणासाठी डोळे पुसायचे, हेही त्यात ठरून गेले.

यावर आपल्या मंडळींनी त्या वेळी बरेच लिहिले, बोलले, आणि ते योग्यच होते. आम्हांला मात्र पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि आजचे सदर त्यासाठीच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील विहारात, रविवारची वंदना झाल्यावर, प्रोजेक्टर लावून ‘सैराट’ पुन्हा दाखवला. कारण असे की जी मुले तेव्हा तिसरी-चौथीत होती ती आता कॉलेजात गेली आहेत. त्यांतील कित्येकांनी गाणी पाठ केली पण सिनेमा पुरता पाहिला नव्हता. सिनेमा संपल्यावर महिला मंडळाने चहा केला आणि मंडळी बोलत बसली. सर्वांत आधी बोलल्या त्या आजी. म्हणाल्या, ‘पोरांना जगवलं असतं तर काय बिघडलं असतं का त्याचं? पैसे दिले ते रडायला?’ एका निवृत्त गुरुजींचे म्हणणे पडले की परश्या तर आपल्या समाजाचा नाही, तेव्हा हा ‘आपला’ सिनेमा म्हणावा का? त्यांना एका रिक्षावाल्या दादाने तेथेच उत्तर दिले, ‘गुरुजी, पाटलाच्या दारात उभं राहताना कोण कोणत्या समाजाचा, ते पाटील विचारतो का?’ मंडळी हसली. एका तरुणाची तक्रार निराळी होती. प्रत्येक सिनेमात आपलाच माणूस मरतो, आपलाच मार खातो. आम्ही जिंकताना कधी दिसणार? त्याच्या तक्रारीत तथ्य आहे. ‘काला’ आणि ‘कबाली’ त्याच्या वयाच्या मुलांना का आवडतात, ते यावरून कळते.

मग एक ताई बोलल्या. त्यांची मुलगी शेजारीच बसली होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताईंनी तिच्याकडे पाहत सर्वांना सांगितले, ‘म्हणूनच मी हिला इथे आणली. बघ म्हटलं डोळ्यांनी. पळून गेलं की काय होतं ते बघ.’

दोन-चार बायकांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर पुरुषांनीही डोलावल्या.

मुलगी काही वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, ‘आई, पिक्चरमध्ये खून तिच्या भावाने केला. मग तू मला का घाबरवतेस? हा पिक्चर पाटलांच्या घरात पोरांना दाखवायला पाहिजे ना, की बघ, असं करायचं नसतं.’ ताई म्हणाल्या, त्यांच्या घरात आपण काय सांगणार, आपलं पोर आपण सांभाळावं. मुलगी म्हणाली, ‘तिकडे कपाटात बाबासाहेबांचं ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ आहे. जात मोडायची तर आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय, असं त्यांनी त्यात लिहिलंय. ते तुम्ही जयंतीला भाषणात सांगता. आणि घरी सांगता, बघ काय होतं.’

त्यावर विहारात जी शांतता झाली ती ‘सैराट’च्या शेवटापेक्षा कमी नव्हती.

बाबासाहेबांचे ते भाषण १९३६ सालचे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बोलावले, मजकूर पाहिल्यावर बेत रद्द केला, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. ते पुस्तक आपण दर वर्षी स्टॉलवरून विकतो. त्या मुलीने ते वाचलेले निघाले, ही आनंदाची गोष्ट.

आता त्या ताईंना दोष देणे सोपे आहे. आम्ही देणार नाही. त्यांचे भय सिनेमातून आलेले नाही. करमाळ्यापासून फार दूर नसलेल्या जामखेड तालुक्यात, खर्डा येथे, २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय. ‘सैराट’ येण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. ज्या आईने हे वर्तमानपत्रात वाचले आहे ती मुलीला जपणारच. तिने जपू नये असे कोण म्हणेल?

परंतु जपणे वेगळे आणि कथा उलटी सांगणे वेगळे. आम्ही ती चर्चा ऐकत असताना आमच्या ध्यानात आले की ‘धडक’ काही फक्त मुंबईच्या मोठ्या कंपनीत तयार झाला नाही. तो आपल्या घरोघरी तयार होतो. ‘पळून गेली म्हणून मेली’ असे एका वाक्यात जो कोणी ‘सैराट’ सांगतो, तो त्यातून जात गाळतो, भाऊ गाळतो, पाटलाचा वाडा गाळतो, आणि उरते ती चूक करणारी एक पोरगी. मंजुळे यांनी तीन तास खपून जो आरोप वाड्यावर ठेवला, तो आपण चहा संपेपर्यंत परत पोरीवर आणून ठेवतो. आजींना शेवट गोड हवा होता, त्यात काही वावगे नाही, त्यांचे काळीज तसे आहे. पण तोच शेवट पोरींच्या अंगावर काठीसारखा उगारायचा असेल, तर मग दिग्दर्शकाने जात दाखवली काय आणि लपवली काय, सारखेच झाले.

म्हणून आम्ही म्हणतो की सिनेमा पाहणे जितके महत्त्वाचे तितकेच पाहून आल्यावर आपण काय बोलतो तेही महत्त्वाचे आहे. पडद्यावरचे पान तेथे संपते आणि आपल्या जिभेवर पुढचे पान सुरू होते.

दूरदर्शन संचावरील मालिकांविषयी असे बोलणे आणखी अवघड जाते, कारण मालिका रोज घरात येते आणि घरातल्या माणसासारखी होऊन बसते. स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ च्या मे महिन्यात ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली आणि २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब साकारले. त्या दीड वर्षात आपल्या वस्त्यांत त्या अर्ध्या तासाला कोणी कोणाच्या घरी जात नसे. आमच्या चाळीतील एक आजी संच सुरू होताना हात जोडून बसत आणि जाहिरात लागली की हात सोडत. मधे टाळेबंदी आली, सर्वच मालिकांची चित्रीकरणे बंद पडली, आणि त्याच दिवसांत दूरदर्शनने १९८७ चे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. त्या काळात आपल्या पोरांनी काय पाहिले आणि आपण त्यांना काय पाहू दिले, यावर एक स्वतंत्र लेख होईल. आज नको.

सांगायचे ते हे, की त्या मालिकेविषयी एक अक्षर वेगळे काढले तरी माणसे रागावत. घरगुती दुःखाला फार जागा दिली, महाडला आणखी द्यायला हवी होती, असे एका कार्यकर्त्याने म्हटले तर त्याला ‘तू कोणाच्या बाजूचा?’ असे ऐकावे लागले. त्याच वेळी त्याच वस्तीत एक पोलीस शिपाई दर भाग पाहून झाल्यावर खैरमोडे यांचे चरित्रखंड काढून बसायचा आणि प्रसंग ताडून पाहायचा. जुळले तर समासात बरोबरची खूण, नाही जुळले तर प्रश्नचिन्ह. आमच्या मते त्या शिपायाइतकी भक्ती त्या मालिकेवर कोणीच केली नसेल. बाबासाहेबांचा चरित्रपट म्हटला तर जब्बार पटेल यांचा इंग्रजी सिनेमा अजून आहेच. त्यातील भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरीही त्याची तमिळ आवृत्ती टॉकीजला लागायला २०१० साल उजाडावे लागले. श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका राज्यसभा वाहिनीवर २०१४ साली झाली, त्यात सचिन खेडेकर बाबासाहेब होते. तिन्ही बाबासाहेब शेजारी ठेवून पाहावेत. बोलण्यासारखे पुष्कळ निघते. श्रद्धा कमी होत नाही.

आता जमेची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे सदर नुसते ‘नावे’च टाकत बसते असे कोणी म्हणेल.

ज्या धर्मा प्रॉडक्शन्सने २०१८ साली ‘धडक’मधून जात गाळली, त्याच कंपनीने २०२५ साली दोन सिनेमे दिले. पहिला ‘धडक २’. नाव जुने असले तरी कथा मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ सिनेमावरून घेतलेली, कायद्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या दलित मुलाची. यात जात लपवलेली नाही. मात्र नायकाचा चेहरा रंग लावून काळा केल्याची तक्रार अनेक प्रेक्षकांनी केली, आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. दलित दाखवायचा तर तो सावळाच पाहिजे, हे कोणी ठरवले? आपल्या विहारात एका रविवारी येऊन पाहा म्हणावे, सगळे रंग मिळतील.

दुसरा सिनेमा ‘होमबाउंड’, दिग्दर्शक नीरज घायवान. हा मूळ एका लेखावर बेतलेला आहे. टाळेबंदीत सुरतेहून गावाकडे निघालेल्या दोन मित्रांवर पत्रकार बशारत पीर यांनी २०२० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये तो लिहिला होता. एक मित्र मुसलमान, दुसरा दलित. येथे पान उलटताना गळती झाली नाही, उलट आकडा नीट उलगडून लिहिला गेला. त्यातील दलित मुलगा पोलीस भरतीचा अर्ज भरतो तेव्हा जातीच्या रकान्यापाशी त्याचा हात अडतो. नाव विचारले तर तो आडनाव गिळतो. त्याची आई शाळेत पोषण आहार शिजवण्याचे काम धरते आणि पालकांना तिच्या हातचे अन्न नको असते.

त्या रकान्यापाशी आम्ही फार वेळ थांबलो. आमच्या टेबलावर रोज अर्ज येतात. दाखला आहे, व्हॅलिडिटी आहे, आणि तरी पोराने ‘ओपन’वर खूण केलेली असते. विचारले तर म्हणतो, ‘राहू द्या साहेब, नंतर लोक बोलतात.’ पोरगा हुशार असतो. प्रश्न मार्कांचा नसतोच. पुढे ज्या खोलीत, ज्या टेबलावर बसायचे आहे तेथल्या नजरांचा असतो. आम्ही त्याला खुर्ची देतो, पाणी देतो, आणि मग सांगतो की हा रकाना कोणाची मेहेरबानी नाही, हा हक्क आहे. काही ऐकतात. काही ‘विचार करून सांगतो’ म्हणून जातात. हे दृश्य वर्षानुवर्षे आमच्या टेबलापुढे चालू आहे. ते हिंदी सिनेमाच्या पडद्यावर, कोणीही भाषण न करता, एका पेनाच्या अडखळण्यातून दिसेल असे आम्हांला वाटले नव्हते. आमच्या मुलाने विचारले, ‘बाबा, तुम्ही डोळे का पुसताय, अजून तर कोणी मेलं नाही.’ त्याला काय सांगणार?

गंमत अशी की या ‘होमबाउंड’मधला मुसलमान मित्र झालेला नट म्हणजे ‘धडक’चाच नायक ईशान खट्टर. तीच कंपनी, तोच नट, सात वर्षांचे अंतर. प्रेक्षकांच्या कुरबुरीमुळेच हे घडले असा दावा आम्ही करणार नाही. घायवान यांच्यासारखा दिग्दर्शक तेथपर्यंत पोहोचला, हे मोठे कारण आहे. ‘मेड इन हेवन’ या मालिकेत २०२३ साली पांढऱ्या साडीतील नवरी आणि बौद्ध पद्धतीचा विवाह दाखवला तोही त्यांनीच. तो भाग आमच्या वस्तीतील बायकांनी मोबाईलवर पाचसहा जणींनी डोके जुळवून पाहिला आणि साडीच्या काठापासून बोलायला सुरुवात केली. काठाविषयीचे मत अजून एक झालेले नाही.

नट कोण असावा हाही असाच न मिटणारा वाद आहे. आपली भूमिका आपल्याच माणसाने करावी असे म्हणणारे ‘कोर्ट’मधील वीरा साथीदार यांचे नाव घेतात. नागपूरचा हाडाचा आंबेडकरी कार्यकर्ता, पडद्यावरही लोकशाहीरच वाटला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. दुसरी बाजू मामुट्टींचे नाव घेते. आम्ही दोघांच्याही मध्ये पडत नाही. चांगले काम केले असेल त्याला नमस्कार.

येत्या दुसऱ्या रविवारी, वंदना आटोपल्यावर सकाळी अकरा वाजता, विहारात ‘परियेरुम पेरुमाळ’ दाखवायचे ठरले आहे. भाषा तमिळ आहे आणि खाली इंग्रजी अक्षरे येतात, ती आजींना कशी वाचता येणार, असा प्रश्न निघाला. तेव्हा त्याच बी.एस्सी.च्या मुलीने मधे मधे थांबवून मराठीत सांगण्याचे पत्करले आहे, आणि तिच्या आईने चहाची जबाबदारी घेतली आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ‘धडक २’. शेवटी दोन चहाचे ग्लास दिसतात ते ‘परियेरुम पेरुमाळ’मध्ये नीट पाहून ठेवावेत, दुसऱ्या सिनेमाच्या वेळी विचारले जाईल. ज्या वाचकांना येणे शक्य नाही त्यांनी आपापल्या घरी पाहून मत कळवावे. पोस्टकार्ड चालेल, व्हॉट्सअॅपही चालेल, मात्र ‘छान आहे’ एवढेच लिहू नये. येताना बसायला चटई आणावी, विहाराच्या सतरंज्या जयंतीच्या मंडपात भिजल्या त्या अजून वाळल्या नाहीत.